तरतूद, वितरण, खर्च: शासनात अर्थसंकल्पाचं आणि वित्तीय प्रणालींचं काम नेमकं काय असतं?

तेरीज

नमस्कार मंडळी,

अर्थसंकल्प मांडला की आठ-दहा दिवस सगळीकडे तोच विषय असतो. कुठल्या योजनेला किती कोटी, कर्ज किती वाढलं, आपल्या जिल्ह्याच्या पदरात काय पडलं. एप्रिल उजाडला की सगळं शांत होतं. आमचं काम तेव्हा सुरू होतं.

मी महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेत आहे. आधी जिल्हा कोषागार, मग एका विभागप्रमुखाच्या कार्यालयात लेखा अधिकारी, आणि आता अर्थसंकल्प आणि संगणकीय प्रणाली दोन्ही बघावं लागतं असं टेबल. ओळखीतली मुलं विचारतात, "अर्थसंकल्पाचं विश्लेषण म्हणजे दिवसभर करता काय?" त्यांच्यासाठी आणि इथे याच क्षेत्रात असलेल्यांसाठी हा धागा.

माझ्या मते या कामाचा गाभा तीन आकड्यांत आहे: तरतूद किती, वितरण किती, खर्च किती. विधिमंडळाने मंजूर केली ती तरतूद. वित्त विभागाने आणि पुढे प्रशासकीय विभागाने खालच्या कार्यालयाला वापरायला मोकळी केली ते वितरण. कोषागारातून देयक पारित होऊन बाहेर पडला तो खर्च. या तिन्हींत अंतर का पडलं, हे वर्ष संपायच्या आत ओळखायचं आणि ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याच्यापुढे स्पष्ट शब्दांत ठेवायचं. बाकी सगळं याच्या आगेमागे.

बातम्यांत पहिलाच आकडा येतो. १० मार्च २०२५ ला राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला गेला, तो सात लाख कोटींच्या थोडा वर होता. महसुली जमा धरली होती ५,६०,९६४ कोटी आणि महसुली तूट ४५,८९१ कोटी. विनियोजन विधेयक मंजूर झालं म्हणजे खर्च करायची परवानगी मिळाली. तेवढे पैसे त्या दिवशी तिजोरीत नसतात, ते वर्षभर येत राहतात: जीएसटी, मुद्रांक शुल्क, उत्पादन शुल्क, केंद्राकडून येणारा करांचा वाटा. म्हणून वितरण टप्प्याटप्प्याने होतं.

याचं सगळ्यात कठोर उदाहरण ४ मे २०२० च्या शासन निर्णयाचं. कोरोनामुळे जमा कोसळली आणि विभागांना तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल असं ठरलं. तरतुदीचं पुस्तक तेच होतं, त्यातली रक्कमही तीच होती. पण ज्याने फक्त पुस्तक वाचलं त्याला त्या वर्षाचं काहीच कळलं नसतं.

प्रश्न विचारा, अनुभव लिहा.

अभि_नांदेड

उत्तम धागा, दादा. मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, एमपीएससीची तयारी चालू आहे आणि वित्त व लेखा सेवा पसंतीक्रमात वर ठेवायचा विचार आहे. कॉमर्सचं शिक्षण नाही. पहिली गोष्ट कुठली शिकावी?

तेरीज

लेखाशीर्ष, म्हणजे पैसा कशासाठी आणि कुठल्या खात्याचा हे सांगणारा संकेतांक, वाचायला शीक. डेबिट-क्रेडिट महिन्याभरात जमतं, लेखाशीर्षाची नजर यायला वेळ लागतो.

प्रधान शीर्ष चार अंकी असतं आणि पहिल्या अंकातच निम्मी माहिती असते. ० किंवा १ म्हणजे महसुली जमा, २ किंवा ३ म्हणजे महसुली खर्च, ४ किंवा ५ भांडवली खर्च, ६ किंवा ७ कर्जे व आगाऊ रकमा, ८ म्हणजे आकस्मिकता निधी आणि लोकलेखा (भविष्य निर्वाह निधी, ठेवी वगैरे). ३०५४ हे रस्ते व पूल यांच्या देखभालीसारख्या महसुली खर्चाचं शीर्ष, ५०५४ त्याच रस्त्यांच्या भांडवली खर्चाचं. २२०२ सर्वसाधारण शिक्षण, २२१० वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, २०४९ व्याज, २०७१ निवृत्तिवेतन. त्याखाली उप-प्रधान शीर्ष, गौण शीर्ष, उपशीर्ष, तपशीलवार शीर्ष आणि शेवटी उद्दिष्ट शीर्ष, म्हणजे पैसा कशावर गेला ते: ०१ वेतन, ११ देशांतर्गत प्रवास, १३ कार्यालयीन खर्च, २१ सामग्री व पुरवठा, ३१ सहायक अनुदान वेतनेतर, ३६ सहायक अनुदान वेतन, ५३ मोठी बांधकामे.

याच्या वर मागणी क्रमांक, म्हणजे विभाग विधिमंडळाकडे जी रक्कम मागतो त्या मागणीचा क्रमांक. विभागाला अक्षर असतं. ई म्हणजे शालेय शिक्षण, जी म्हणजे वित्त, एच म्हणजे सार्वजनिक बांधकाम. ई-२ खाली २२०२ येतं. शिवाय प्रत्येक खर्च दत्तमत (विधिमंडळाच्या मतदानाने मंजूर) आहे की भारित (ज्यावर मतदान होत नाही असा), हेही बघायचं.

ही उतरंड डोक्यात बसली की नियम आपोआप समजतात. पुनर्विनियोजन, म्हणजे मंजूर रक्कम एका शीर्षातून दुसऱ्यात वळवणं, करताना एका मागणीतून दुसऱ्या मागणीत, महसुलीतून भांडवलीत किंवा दत्तमतमधून भारितमध्ये रक्कम नेता येत नाही, कारण विधिमंडळाने मंजुरी त्या त्या खणासाठी दिलेली असते. तिथे पुरवणी मागणीच लागते. नस्ती वर पाठवण्याआधी हे ज्याच्या लक्षात येतं, तो विभागाचे दोन महिने वाचवतो.

सुजाता_वाई

मी ग्रामीण रुग्णालयात लेखा शाखेत आहे, म्हणजे या साखळीच्या अगदी खालच्या टोकाला. नवीन लोकांसाठी आमच्याकडून दिसणारं चित्र लिहिते.

आमच्या डॉक्टरसाहेबांकडे आहरण व संवितरण अधिकारी (डीडीओ), म्हणजे देयकं काढून पैसे वाटणारा अधिकारी, म्हणून अधिकार. बीम्सवर, म्हणजे शासनाच्या निधीवितरणाच्या संगणकीय प्रणालीवर, लॉगिन करायचं, आपल्या डीडीओ कोडवर त्या योजनेच्या त्या उद्दिष्ट शीर्षाखाली किती ग्रँट (वितरित निधी) आली ते बघायचं. ग्रँट असेल तरच प्राधिकारपत्र, म्हणजे तेवढी रक्कम खर्चायची परवानगी, निघतं. ते देयकाला जोडायचं, देयक कोषागारात, तिथे टोकन, मग तपासणी. त्रुटी निघाली की परत. पास झालं की रक्कम थेट पुरवठादाराच्या खात्यात आणि आपल्याला प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक.

पूर्वी ग्रँट आली की नाही हे कळायला जिल्ह्याला फोन लावत बसायचो. आज पडद्यावर दिसतं आणि नसेल तर नाही म्हणून दिसतं. माझ्यासाठी हा फार मोठा फरक आहे.

पण एक दुखणं आहे. '२१ सामग्री व पुरवठा' मध्ये शिल्लक असते आणि वीज बिलाच्या '०६' मध्ये शून्य. पाण्याच्या मोटारीला वीज लागते, शस्त्रक्रियागृहाला लागते. वर कळवतो, उत्तर यायला वेळ लागतो. दादा, तुमच्या टेबलावर आमचा असा कागद येतो तेव्हा त्याच्याकडे कसं बघता?

तेरीज

सुजाताताई, तुमचा कागद माझ्यासाठी त्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा कागद असतो. मागची तीन वर्षं त्या शीर्षाखाली प्रत्यक्ष खर्च किती झाला, ते आधी काढतो. वीज बिल काही अचानक येत नाही. तीन वर्षं खर्च तरतुदीपेक्षा जास्त दिसत असेल, तर दोष मूळ अंदाजातच आहे. कुणीतरी मागच्या वर्षीच्या तरतुदीत टक्केवारी मिळवून आकडा पुढे ढकलला, प्रत्यक्ष बिलं बघितली नाहीत.

म्हणून माझी विनंती: आठमाही सुधारित अंदाज पाठवताना सोबत महिन्यागणिक बिलांचा तक्ता जोडा. "तरतूद अपुरी आहे, वाढवून मिळावी" अशी पत्रं ढिगाने येतात. बारा ओळींचा तक्ता जोडलेलं पत्र वर टिकतं, कारण माझ्यासारख्याला साहेबांसमोर त्याच्या बाजूने बोलता येतं.

गोदाकाठ

मी अनुदानित शाळेत शिक्षक. विषय निघालाच आहे तर मनातलं लिहितो. शालार्थवर (शाळांच्या पगाराची ऑनलाइन प्रणाली) बिल वेळेत जातं, वेतन पथकात (शिक्षण खात्याचं पगाराचं कार्यालय) जातं, आणि मग कळतं "ग्रँट नाही". गृहकर्जाचा हप्ता बँक थांबवत नाही. अर्थसंकल्पात पगाराची तरतूद असतेच ना? मग ग्रँट नाही म्हणजे काय? हे कुणीच नीट सांगत नाही.

तेरीज

सर, तुमचा राग योग्य आहे. पगार उशिरा होणं ही कुटुंबाची आर्थिक घडी मोडणारी गोष्ट आहे आणि आमच्या क्षेत्रात ती सर्वांत गंभीर चूक मानली गेली पाहिजे.

"ग्रँट नाही" याचे तीन वेगळे अर्थ असतात. तरतूद आहे पण त्या महिन्याचं वितरण तुमच्या जिल्ह्याच्या डीडीओपर्यंत पोचलेलं नाही: हे सगळ्यात सोपं, फोन आणि पाठपुराव्याने सुटतं. दुसरा, राज्य पातळीवर वितरण झालं पण जिल्ह्यांमध्ये वाटणी चुकली, एका जिल्ह्यात शिल्लक आणि दुसऱ्यात तुटवडा. तिसरा, उद्दिष्ट शीर्ष ३६ खालची मूळ तरतूदच अपुरी, आणि पुरवणी मागणी मंजूर होईपर्यंत हातावर हात. तिसरा प्रकार बहुधा वर्षाच्या उत्तरार्धात डोकं वर काढतो.

पगाराचा अंदाज कसा चुकतो, ते आकड्यांत दाखवतो. आकडे समजण्यासाठी घेतलेत.

समजा मंजूर पदं १२०, भरलेली ८४, सरासरी एकूण वेतन दरमहा ७०,०००. वर्षाचे झाले ७,०५,६०,०००. आता १२ जण १ ऑक्टोबरला रुजू होणार आहेत, सुरुवातीचं वेतन ५०,००० धरू. किती महिन्यांचं धरायचं? ऑक्टोबर ते मार्च असे सहा, असं पटकन लिहिलं जातं. पण मार्चचा पगार एप्रिलमध्ये मिळतो. शासनाचे लेखे रोख तत्त्वावर असतात, पैसा ज्या वर्षी बाहेर पडला त्या वर्षाचा खर्च. अर्थसंकल्पाच्या दृष्टीने पगाराचं वर्ष मार्च ते फेब्रुवारी. म्हणून पाच महिने: ३०,००,०००. एकूण ७,३५,६०,०००.

हाच अंदाज कुणी डोळे मिटून मंजूर पदांवर केला तर १०,०८,००,००० होतो. म्हणजे २,७२,४०,००० रुपये वर्षभर अडकून पडले, आणि ज्या कार्यालयाने प्रामाणिकपणे भरलेल्या पदांवर अंदाज दिला पण महागाई भत्त्याची वाढ धरली नाही, तिथे फेब्रुवारीत पगाराला पैसे नाहीत. दोन्ही चुका एकाच राज्यात, एकाच मागणीखाली शेजारी शेजारी नांदत असतात. त्या शोधणं हेच विश्लेषकाचं काम.

गोदाकाठ

इतकं स्पष्ट पहिल्यांदाच कळलं. पुढच्या वेळी पथकात विचारताना "तरतूद नाही की वितरण नाही" असं विचारेन.

पडताळणी

मी प्रणालीच्या बाजूने काम केलंय, त्यामुळे थोडं त्या अंगाने.

बाहेरच्यांना वाटतं की एक मोठं सॉफ्टवेअर आहे आणि त्यात सगळं आहे. तसं नाही. तरतूद आणि वितरण बीम्समध्ये, शासकीय कर्मचाऱ्यांची वेतन देयकं सेवार्थमध्ये, निवृत्तिवेतन निवृत्तिवेतनवाहिनीत, शासनाकडे भरली जाणारी जमा ग्रासमध्ये, कोषागाराचं कामकाज वेगळ्या प्रणालीत, केंद्रपुरस्कृत योजनांसाठी केंद्राची पीएफएमएस. जिल्हा वार्षिक योजनेची कामं आयपासमध्ये. या सगळ्या एकमेकांशी बोलतात त्या संकेतांकांच्या आधारे. म्हणून यातलं सगळ्यात नाजूक काम म्हणजे मास्टर सांभाळणं: कुठला डीडीओ कुठल्या नियंत्रक अधिकाऱ्याखाली, कुठला योजना संकेतांक कुठल्या लेखाशीर्षाशी जोडलेला, कुठलं उद्दिष्ट शीर्ष त्या योजनेला खुलं.

एखाद्या कार्यालयाचं विभाजन होतं, नवा तालुका होतो, योजना एका विभागातून दुसऱ्यात जाते. शासन निर्णय एका दिवसात निघतो. मास्टरमधला बदल राहिला तर त्या कार्यालयाचं प्राधिकारपत्रच निघत नाही, आणि सगळे म्हणतात "सर्व्हर डाउन आहे". सर्व्हर व्यवस्थित असतो.

अभि, तुझ्यासारख्या इंजिनिअरची इथे फार गरज आहे, पण कोड लिहायला नव्हे. लेखा समजणारा आणि डेटा समजणारा असा एकच माणूस मिळणं दुर्मीळ आहे. बहुतेक बैठकांत हे दोघे टेबलाच्या दोन बाजूंना बसलेले असतात.

मार्चएंड

सगळं गोड चित्र रंगवलंय. ३१ मार्चला कोषागारात रात्री काय चालतं ते लिहा की. अकरा महिने वितरण नाही आणि शेवटच्या आठवड्यात बीम्सवर कोट्यवधी. पुरवठादार, ठेकेदार, कारकून सगळे रांगेत. इतक्या प्रणाली आणून बदललं काय?

तेरीज

मार्चअखेरची गर्दी खरी आहे आणि मी तिचं समर्थन करणार नाही. महालेखापरीक्षकांचे अहवाल वर्षानुवर्षं यावर बोट ठेवत आलेत, पुरवणी मागणी घेऊन शेवटी मूळ तरतूदही पूर्ण न वापरण्यावरही.

कारणं मात्र बघितली पाहिजेत. जमेचा अंदाज वर्षाच्या शेवटी पक्का होतो, म्हणून वित्त विभाग हात राखून असतो. प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश हे सगळं उशिरा सुरू होतं, म्हणून काम जानेवारीत उभं राहतं. आणि माझ्या मते सगळ्यात मोठं कारण: बचत वेळेत समर्पित न करणं. नियम सांगतो की बचत दिसताच रक्कम परत करा, म्हणजे ती दुसऱ्या गरजेला वापरता येईल. प्रत्यक्षात कार्यालयं ती ३१ मार्चपर्यंत धरून ठेवतात, कारण यंदा परत केली तर पुढच्या वर्षी तरतूद कापतील ही भीती. ही भीती निराधार नाही. जोपर्यंत वेळेत समर्पण करणाऱ्याला पुढच्या वर्षी शिक्षा होत राहील, तोपर्यंत कुठलीही प्रणाली ही गर्दी थांबवू शकणार नाही.

बदललं ते एवढं, की आता कोण किती धरून बसलंय ते ऑक्टोबरमध्येच दिसतं. ते दिसल्यावर पुढचं पाऊल माणसांनीच उचलायचं आहे.

मार्चएंड

शेवटच्या मुद्द्याशी सहमत. आमच्या कार्यालयाने एका वर्षी डिसेंबरात प्रामाणिकपणे रक्कम परत केली आणि पुढच्या वर्षी तेवढीच तरतूद कमी झाली. तेव्हापासून कुणी परत करत नाही.

अनघा_सॅक्रामेंटो

मी कॅलिफोर्नियात राज्य शासनाच्या अर्थसंकल्पाचं काम करते, हे वाचून अगदी घरच्यासारखं वाटलं.

इथे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. राज्यपालांचा प्रस्ताव १० जानेवारीपर्यंत येतो, १४ मेपर्यंत सुधारित प्रस्ताव, आणि १५ जूनपर्यंत विधिमंडळाने तो मंजूर करायचा. २०१० मध्ये जनमताने ठरलं की मुदत चुकली तर उशिराच्या दिवसांचं वेतन आमदारांना मिळणार नाही.

मे महिन्यातली सुधारणा हा आमचा सर्वांत कष्टाचा काळ. राज्याची जमा वैयक्तिक आयकरावर फार अवलंबून, त्यातही शेअरबाजारातल्या नफ्यावर. एप्रिलमध्ये विवरणपत्रं भरली जाईपर्यंत खरा आकडा कळत नाही. जानेवारीत शिल्लक दिसते आणि मेमध्ये तूट. मग कुठल्या प्रस्तावाला आधार आहे आणि कुठला पुढे ढकलता येईल, हे आम्हाला रात्रंदिवस बसून सांगावं लागतं. इथेही सुजाताताईंना सुचवलेल्या बारा ओळींसारखा तक्ता ज्या विभागाकडे तयार असतो, त्याचाच प्रस्ताव टिकतो.

सुजाता_वाई

अनघाताई, वाचून बरं वाटलं. दादा, खर्चमेळाबद्दल लिहा. नवीन मुलांना ते सगळ्यात कंटाळवाणं वाटतं.

तेरीज

खर्चमेळ म्हणजे आपल्या नोंदवहीतला किंवा बीम्सवरचा खर्च आणि महालेखापालांकडे लेखांकित झालेला खर्च जुळवणं. पश्चिमेकडच्या जिल्ह्यांसाठी मुंबईचं कार्यालय, विदर्भ-मराठवाड्यासाठी नागपूरचं. दरमहा जुळवलं तर दोन-चार प्रमाणकांचा फरक निघतो आणि लगेच दुरुस्त होतो. वर्षभर ठेवून दिलं तर नक्की काय चुकलं ते शोधायला माणूसच उरत नाही, बदली झालेली असते.

एक नमुना. विभाग म्हणतो ३१ सहायक अनुदानाखाली आमचा खर्च तरतुदीएवढाच. महालेखापालांचा आकडा जास्त. प्रमाणकं काढली तर दुसऱ्याच योजनेचं देयक एका अंकाच्या फरकाने या शीर्षाखाली पडलेलं. तपासलं नसतं तर विनियोजन लेख्यांत 'अधिक खर्च' म्हणून छापून आलं असतं, लोकलेखा समितीपुढे सचिवांना खुलासा द्यावा लागला असता, आणि संविधानाच्या अनुच्छेद २०५ खाली तो नियमित करून घ्यावा लागला असता. एका अंकासाठी. मला हे काम कंटाळवाणं कधीच वाटलं नाही. लोकांच्या पैशाचा हिशोब जुळला, यात जे समाधान आहे ते मला दुसऱ्या कुठल्या टेबलावर मिळालं नाही.

अभि_नांदेड

शेवटचा प्रश्न. परीक्षा व्हायच्या आधी, नोकरीत नसताना घरबसल्या यातलं काही करून बघता येईल का?

पडताळणी

येईल. बीम्सच्या संकेतस्थळावर विभागवार तरतूद, वितरण आणि खर्च लॉगिनशिवाय दिसतो. वित्त विभागाच्या संकेतस्थळावर अर्थसंकल्पाची प्रकाशनं आहेत.

तेरीज

हो, आणि असं कर. तुझ्या आवडीचं एकच प्रधान शीर्ष घे, समजा २२१०. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात प्रत्येक शीर्षापुढे मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. आधी वरच्या कोपऱ्यात आकडे हजारांत आहेत का ते बघ. मग सलग चार वर्षांची पुस्तकं उघडून एकाच उपशीर्षाचे आकडे एका ओळीत लिही. जिथे सुधारित अंदाज मूळ अंदाजापेक्षा जास्त आणि प्रत्यक्ष खर्च दोन्हींपेक्षा कमी आहे, तिथे थांब. त्या वर्षीच्या पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांत ते शीर्ष शोध, तिथे मागणीचं कारण लिहिलेलं असतं. कारण वाच आणि पैसा का खर्च झाला नसेल याचे तुझे अंदाज लिहून काढ.

तक्ता झाला की इथेच टाक. सुजाताताई आरोग्याच्या बाजूच्या आहेत, तुझे अंदाज कुठे बरोबर आणि कुठे चुकले ते त्या माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

सुजाता_वाई

टाक रे, नक्की बघते. उपशीर्ष ग्रामीण रुग्णालयांचं घे, आणि ०६ चा रकाना सोडू नकोस.